वाचील त्येनं उत्तर लिहायचं

लिहून घ्या ताई, माझं म्हायेर पोलादपूरच्या वर, डोंगरात, बारकं गाव, घरटी एकजन तरी फौजेत, कुनी सुभेदार कुनी हवालदार कुनी सादा शिपाई, आन् गावात राहिलो आमी बाया, म्हातारी मानसं आन् पोरं. माझे थोरले दोन भाऊबी फौजेत, एक वर बर्फात आन् एक कुठंतरी वाळवंटात, आन् माझ्या आईला अक्षराची वळख न्हाई. मी सातवीपातुर शिकलेली, आळीतल्या पोरींत तेवढीच, म्हनून पोष्टमन सगळ्यांची पत्रं आनून माझ्याच हातात द्यायचा. मी अशी तोऱ्यात चालायची काय सांगू तुम्हाला, परकर सावरत, हातात आंतर्देशीय पत्रं, आन् मागं चार-चार आया, शालन आमचं आधी, शालन आमचं आधी. मला आळीत जो मान व्हता तो सरपंचाच्या बायकोला न्हवता, खोटं न्हाई सांगत.

आन् ते वाचायची आमच्यात एक रीत व्हती बरं का. पत्र उघडलं की आई आधी म्हननार, अक्षर त्येचंच हाय ना, नीट बघ. तेवढं बघून हो म्हनलं की ती पदर सावरून बसनार, मंग वाचायचं. वाचून झालं की वाचनाऱ्याच्या हातावर गूळ-खोबरं ठेवायचं, आन् ते तोंडात टाकलं की लगेच, उठायचं न्हाई, त्याच बैठकीत उत्तर लिहायचं. वाचील त्येनं उत्तर लिहायचं. दुसऱ्याला द्यायचं न्हाई, उद्यावर टाकायचं न्हाई. लई वेळा मला खेळायला पळायचं असायचं, मी म्हनायची आई उद्या लिहिते की गं, तर आई मनगट धरायची, म्हनायची, शब्द तुझ्या तोंडातनं आलेत, गरम हाईत तवर जबाब दे. दोघं भाऊ पत्रात एकमेकाचं इचारायचे, सदूची खबर काय, बबनचं काय, म्हंजी त्येंच्या मधला रस्ता आईवरनं जायाचा. दोघंबी सुखरूप आले, पेन्शनीत हाईत, आता गुडघ्याच्या तक्रारी सांगतात फोनवर.

मंग माझं लगीन झालं. आमचे मालक बोटीवर लाँड्रीत व्हते, मोठी प्यासिंजर बोट, ती साउथहॅम्प्टनला लागायची, आन् मालकांना हे गाव असं पसंत पडलं की बोट सोडून इथंच बंदरात काम धरलं आन् आमाला बोलावून घेतलं. मी आले तवा अमोल, माझा थोरला, कडेवर व्हता. नितीन इथलाच, इथल्या हॉस्पिटलात झाला, आन् पुढं त्याच हॉस्पिटलच्या लिनन रूममधे मला काम लागलं, फाटल्या चादरी शिवायच्या, डाक्टरांचे गाऊन उसवायचे-शिवायचे. मी असं शिवते की शिवलेलं सापडायचं न्हाई, रिटायर झाले तरी वॉर्डातल्या नर्सा अजून इचारतात, शाली कुठं गेली. आन् पोरांना म्या संध्याकाळी किचनच्या टेबलावर बसवून बाराखडी घोटवून घेतली, रडली, टेबलाखाली पळाली, पन सोडलं न्हाई. अमोल आता हॅरोला असतो, लंडनात आकड्यांच्या हाफिसात जातो. नितीन एडिनबराला, हॉस्पिटलात फिजिओ हाय. दोघांचे खांदे बापावर गेलेत, रुंद, चालताना डावा जरा खाली.

आता दुखन्याचं सांगते. चार वर्सं झाली, आमचे मालक गेले. झोपेतच गेले, बरं मरन आलं, त्येचं न्हाई म्हनत मी. त्येंची रक्षा इथंच पान्यात सोडायची असं तेच सांगून गेले व्हते, म्हनायचे, ह्या पान्यानं मला पोसलं. तर अमोलनं एक बोट ठरवली, दुपारची, आन् नितीन सकाळच्या इमानानं येनार व्हता. पन एडिनबरात धुकं. इमान सुटंना. आमी इथं धक्क्यावर उभे, मी, अमोल, सून आन् तो पितळी गडू. बोटवाला म्हनाला पानी फिरायला लागलंय, ओहोटी सुरू झाली, आता चला न्हाईतर आज न्हाई. अमोलनं घड्याळ बघितलं, माझ्याकडं बघितलं, मी काय सांगनार, मला काय सुचत व्हतं का त्या दिवशी, तो म्हनाला चला. आमी गेलो, सगळं केलं, आन् परत येताना लांबनं दिसलं, धक्क्यावर नितीन उभा, हातात एक पिशवी. बापाला आवडायची म्हनून एडिनबराची लोण्याची बिस्किटं आनली व्हती त्येनं, पान्यात सोडायला.

तो एवढंच म्हनाला, यू कुडन्ट वेट. दादा, तुला थांबता न्हाई आलं. अमोल म्हनाला, अरे बोट थांबत न्हवती. नितीन म्हनाला, बोट न्हाई, तू. झालं. तवापासनं दोघांत बोलनं बंद. माझी दिवाळी दोनदा, एक आधी येऊन जानार एक मागनं येनार, चकली मी दोनदा तळनार, आन् दोघंबी खाताना इचारनार न्हाईत पलीकडचं काय. म्हंजी बघा, माझे भाऊ दोन टोकाला फौजेत असून पत्रागणिक एकमेकाची खबर इचारत व्हते, आन् ही माझी पोरं एका इमानाच्या अंतरावर असून मुकी. लई लागायचं मला. रात्रंदिवस एकच, मी डोळे मिटायच्या आधी ह्येंना एका ताटाभवती बघायचंय. देवाला सांगितलं, फोनवर रडले, शपथा घातल्या, सगळं करून झालं. दोघं म्हननार, आई लीव्ह इट.

आता ह्या वर्साची गोष्ट ऐका, इथनं माझी खरी लढाई सुरू होती. आमच्या रस्त्याच्या टोकाला चर्चच्या मागं एक हॉल हाय, तिथं म्हाताऱ्या मानसांचा एक इतिहासाचा ग्रुप जमतो, मार्गारेट नावाची रिटायर मास्तरीन तो चालवते, माझी जुनी मैत्रीन, तिच्या सगळ्या स्कर्टा मी सैल केलेल्या हाईत. तिनं एक कार्यक्रम काढला. इंग्रजांची मागं आपसात लढाई झाली व्हती, साडेतीनशे वर्सांच्याबी मागं, राजाची फौज एकीकडं आन् पार्लमेंटची एकीकडं, आन् इथल्याच एका खेड्यातले सख्खे भाऊ, थोरला जॉन राजाकडनं आन् धाकटा एडवर्ड पार्लमेंटकडनं. घरी विधवा आई. दोघांनी आईला पत्रं लिहिलेली, ती कुनाच्या तरी पेटीत ऱ्हायली, आन् ती हॉलमधे लोकांपुढं वाचायची असं ठरलं. मला बोलावलं कापडं शिवायला. जुन्या तऱ्हेचे सदरे, रुंद पांढऱ्या कॉलरी, गुडघ्यापतोरच्या तुमानी, राजावाल्याला तांबडा पट्टा आन् पार्लमेंटवाल्याला नारिंगी.

मी कॉलरीला टीप घालत बसलेली आन् मार्गारेट ती पत्रं मोठ्यानं वाचत व्हती. आन् काय सांगू तुम्हाला, माझी सुई थांबली. जॉन लिहितो, आई मी खुशाल हाय, पायातले बूट फाटलेत, लोकरीचे मोजे पाठव, घोडीला पिल्लू झालं का, आन् एडवर्डची काही खबर आली का. एडवर्ड लिहितो, आई काळजी नको, सदरे संपले, पनीर धाड, आन् जॉनची काही खबर आली का. म्या म्हनलं अगं बाई, ही तर सदूदादा आन् बबनदादाची पत्रं! एकमेकावर तलवार उगारून उभे हाईत आन् खबर आईला इचारतात! म्या मार्गारेटला इचारलं, शेवटी काय झालं गं ह्येंचं, आधी ते सांग, माझा जीव टांगलाय. ती हसली, म्हनाली, दोघंबी घरी आले, म्हातारे होऊन मेले, शेजारी शेजारी पुरलेत. तवा कुठं मी दोरा तोडला.

मंग अडचन अशी आली की वाचायला तरनी मानसं न्हाईत. ग्रुपातले सगळे सत्तरीच्या पुढचे, एक वाचता वाचता झोपतो. आईचं काम मार्गारेटनं मलाच दिलं व्हतं, म्हनाली शाली, तुला काय बोलायचं न्हाई, तू मधे खुर्चीवर बस, पत्र ऐक, तुझा चेहरा पुरे. आन् मी तिथल्या तिथं म्हनलं, मला दोन पोरं हाईत.

ती म्हनाली छान, थोरल्याला थोरल्याची पत्रं देऊ. म्या म्हनलं न्हाई. थोरल्याला धाकट्याची दे आन् धाकट्याला थोरल्याची. मार्गारेट चष्म्यावरनं माझ्याकडं बघत ऱ्हायली. म्हनाली, शाली, हे नाटकासाठी हाय का घरासाठी? म्या म्हनलं, घरासाठी. आन् सगळं सांगितलं तिला, धुकं, बोट, बिस्किटं. ती उठली, पत्रांच्या दोन्ही फायलींवरची नावं खोडली आन् उलटी लिहिली, आन् मला चहा करून दिला, एरवी तो मीच करते.

मंग दोघांना येगयेगळा फोन. म्या म्हनलं, अमोल, तुझ्या आईला नाटकात घेतलंय, तू माझ्यासाठी कवा काही केलं न्हाई, एवढं कर. नितीनलाबी तेच. दुसरा वाचनारा कोन असं दोघांनी इचारलं, तर म्या म्हनलं हाय एक इथलाच, साउथहॅम्प्टनचा. खोटं काय व्हतं त्यात? मार्गारेटनं व्हिडिओवर दोघांची येगयेगळी तयारी घेतली. कापडाचं माप म्या मागितलं न्हाई, मालकांचं माप हाताला पाठ व्हतं, दोन्ही सदरे त्याच मापानं कापले.

कार्यक्रमाच्या दिवशी अमोल आधी आला, मेट्रोपॉलिटन लाईन, मंग वॉटरलूची ट्रेन, उशीर झाला म्हनून घामाघूम. त्येला आतल्या खोलीत कापडं चढवली, नारिंगी पट्टा बांधला आन् म्या त्येची पॅन्ट, शर्ट, बूट सगळं पिशवीत घालून मार्गारेटच्या गाडीत टाकलं. मंग नितीन एअरपोर्टवरनं आला, त्येला हॉलच्या किचनमधे तयार केलं, तांबडा पट्टा, आन् त्येचीबी पिशवी गाडीत. आन् मंग दोघांना समोरासमोर आनलं.

काय चेहरे व्हते! दोघं गुडघ्यापतोरच्या तुमानीत, पांढऱ्या कॉलरीत, जसे काय दोन फौजा. अमोल म्हनाला, आई, धिस इज अ ट्रॅप. म्या म्हनलं हो. नितीन म्हनाला, मी चाललो. म्या म्हनलं जा की, असाच जा बसस्टॉपवर, तुमची कापडं मार्गारेटच्या गाडीत हाईत आन् चावी तिच्या पर्सात. अमोलला हसू आलं, त्येनं ते गिळलं, पन म्या बघितलं. भाईर हॉल भरलेला, शेजारची, लिनन रूममधल्या माझ्या मैत्रिनी, महाराष्ट्र मंडळाची चार घरं, माझी सूनबी फुलं घेऊन बसलेली, तिला सगळं ठाऊक व्हतं. म्या म्हनलं, तुमी एकमेकाशी बोलू नका, माझं काही म्हननं न्हाई. मला पत्र वाचून दाखवा एवढंच.

मंग मी जाऊन मधे खुर्चीवर बसले, पदर घेतला. हो, साडीच नेसले व्हते, मार्गारेट म्हनाली व्हती आई आईसारखी दिसली पायजे. पुढं टेबल, टेबलावर कागद आन् पिसाची लेखनी, शोभेला. आधी नितीननं थोरल्याचं पत्र वाचलं, जॉनचं. मोजे, घोडी, हवा. लोक हसले. मंग दुसरं, मोठ्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेलं. जॉन लिहितो, आई, समोरच्या फौजेत नारिंगी पट्टेवाले व्हते, ते पळाले तवा मी शेतात उतरलो आन् पडलेल्या एकेका पोराचं तोंड वर करून बघितलं, संध्याकाळपतोर बघितलं, आन् आई, आपला एडवर्ड त्यात न्हवता. देवाचे उपकार. त्येला हे सांगू नको. नितीनचा आवाज तिथं चिरकला. त्येनं अमोलकडं बघितलं न्हाई, अमोलच्या पट्ट्याकडं बघितलं.

मंग अमोल उभा ऱ्हायला, एडवर्डचं पत्र. सदरे, पनीर, पाऊस. आन् शेवटाला, ते मला ठाऊक व्हतं, त्येच्यासाठी तर हा सगळा खटाटोप केला व्हता, एडवर्ड लिहितो, आई, लढाई संपत आली म्हनतात. जॉन माझ्या आधी पोचला तर बापाच्या थडग्यावर तो एकटा जाईल, त्येला सांग, माझ्यासाठी थांब. अमोल टेल हिम टू वेट पतोर आला आन् थांबला. आकड्यांच्या हाफिसातला मानूस, कधी अडखळत न्हाई, तो अडखळला. मार्गारेट पडद्यामागनं हळूच पुढची ओळ सांगायला लागली, म्या तिला हातानं गप केलं.

खरं तर इथं माझं काम संपलं व्हतं, मला बोलायचंच न्हवतं. पन माझ्यात माझी आई आली बघा. मी उठले, कनवटीला गूळ-खोबऱ्याची पुडी व्हती, ती सोडली, नितीनच्या हातावर ठेवलं, अमोलच्या हातावर ठेवलं, म्हनलं खा. खाल्लं दोघांनी, एवढ्या लोकांपुढं. मंग अमोलचं मनगट धरलं, खुर्चीवर बसवलं आन् म्हनलं, आता उत्तर लिही. तो म्हनाला, आई, हे स्क्रिप्टमधे न्हाई. म्या म्हनलं, वाचील त्येनं उत्तर लिहायचं, उद्यावर टाकायचं न्हाई. त्येनं पिसाची लेखनी घेतली, तिला शाई कुठली, मंग त्येनं सदऱ्याच्या आतनं हाफिसातलं पेन काढलं, लोक खदखदून हसले, आन् मी सांगायला लागले, आपल्या मराठीत, मोठ्या आवाजात. चिरंजीव धाकट्यास. पत्र पोचलं. अक्षर तुझंच हाय. थोरल्यानं थांबायला पायजे व्हतं. त्या दिवशी घाईत त्येला समजलं न्हाई, त्येचाबी बाप गेला व्हता. तू एवढी वर्सं रुसायला नको व्हतं. मी हाय तवर दोघं मिळून घरी या.

इंग्रजांना त्यातलं काय कळतंय. मार्गारेट पुढं आली, म्हनाली, अमोल, आमाला सांगशील काय म्हनाली ती? अमोल उभा ऱ्हायला, कागद बघितला, लोकांकडं बघितलं, मंग नितीनकडं. आन् इंग्रजीत म्हनाला, ती म्हनते, मी थांबायला हवं व्हतं. थोरल्यानं असं न्हाई म्हनाला बरं का. मी असं म्हनाला, आय. आन् पुढं म्हनाला, खरंय तिचं. आय शुड हॅव वेटेड, नितू.

नितीन स्टेजच्या त्या टोकाला. तो आला ना ताई, तांबडा पट्टा पायात अडकत, मधल्या टेबलाला धडकून, आन् त्येनं थोरल्याला अशी मिठी मारली की माझी पांढरी कॉलर टराटरा फाटली. मी म्हनलं फाटू दे, मी शिवते! काय टाळ्या पडल्या, लोक उभे ऱ्हायले, लिनन रूमच्या बाया शिट्ट्या मारत व्हत्या, आन् तो वाचता वाचता झोपनारा म्हातारा रडत व्हता. मला वाटलं मी रडीन, पन न्हाई, मी हसत व्हते, छाती अशी फुगली, वाटलं एवढी फौजांची लढाई शेवटी जिंकली कुनी, तर म्या जिंकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं धक्क्यावर गेले. मला म्हनाले तू येऊ नको, थंडी हाय. वाटेत दुकानातनं लोण्याची बिस्किटं घेतली. किती येळ बसले तिथं कोन जाने, आले तवा दोघांची नाकं लाल आन् पुड्यात दोन बिस्किटं उरलेली, बापानं आमाला ठेवली म्हनाले. मंग जेवले, एका ताटाभवती, मी वाढत ऱ्हायले आन् ते भांडत ऱ्हायले, फुटबॉलवरनं, मोठमोठ्यानं, बापावानी. असं भांडान माझ्या घरात रोज असू दे.

अमोलनं स्टेजवर लिहिलेलं ते पत्र म्या लिफाफ्यात घातलं आन् तिकीट लावून एडिनबराला टाकलं. नितीनचा फोन आला, आई, मी तर तिथंच व्हतो, मला माहितीय आत काय हाय. म्या म्हनलं, उघडून वाच, आन् वाचलंस की काय करायचं ते तुला ठाऊक हाय. तर परवा अमोलचा फोन, आई, नितूचं पत्र आलंय, मराठीतनं लिहिलंय, अक्षर कोंबडीचे पाय हाईत, तुला फोनवर वाचून दाखवू? म्या म्हनलं फोनवर न्हाई. इथं ये, माझ्यापुढं बसून वाच, मी आधी अक्षर बघनार, आन् उत्तर जागच्या जागी लिहायचंय. येतोय शनवारी.

खोबरं किसून ठेवलंय, गूळ डब्यात हाय. तुमचीबी भावंडं असतील ताई, जवळ असोत लांब असोत, बोलती ऱ्हावोत. मान वाचनाऱ्याचा असतो, पन तुमी एवढं बसून ऐकलंत, लिहून घेतलंत, तुमचाबी हक्क झाला. हात पुढं करा. घ्या.